घरबसल्या युरोपातली जुनी न्यूजरील्स: कुठलं आर्काइव्ह किती स्टारचं

ज्यांना यूट्यूबवर "१९२० चं पॅरिस", "१०० वर्षांपूर्वीचं लंडन" असले रंग भरलेले, एआयने गुळगुळीत केलेले व्हिडिओ बघून जुन्या फिल्म्सचा नाद लागलाय त्यांनी प्लीज आता मूळ आर्काइव्हकडे वळा, तिथे जे आहे ते या व्हिडिओंच्या कितीतरी पट भारी आहे आणि बहुतेक सगळं फुकट आहे. मी गेली काही वर्षं रात्री जेवणं आटोपली की हेच करतो, वेब सीरिज वगैरे सुटल्याच जवळजवळ. तर कुठली साइट कशी आहे ते इथे लिहून ठेवतोय, कोणाला उपयोग झाला तर बरंच.

स्टार देताना मी मुख्य एकच गोष्ट बघतो. व्हिडिओ किती आहेत, एचडी आहेत का, हे सगळं नंतर. फिल्मसोबत तिची माहिती दिलीय का आणि ती किती प्रामाणिक आहे हे आधी. कोणी शूट केली, कुठे, कधी, कोणाच्या पैशाने, थिएटरात दाखवली की नुसतीच डब्यात पडून राहिली. कारण न्यूजरील, म्हणजे थिएटरात दाखवायची बातम्यांची फिल्म, हा काही निवांत काढलेला माहितीपट नसायचा, ब्रिटनमध्ये आठवड्यातून दोनदा नवं रीळ थिएटरला जायचं, आठ-दहा मिनिटांचं, मेन पिक्चरच्या आधी लागायचं आणि त्यात राजघराणं, फुटबॉल, जहाजाचं उद्घाटन, मधेच एखादा पूर नाहीतर भूकंप असं सगळं कोंबलेलं असायचं. पाच कंपन्यांची आपसात मारामारी, पाथे, मूव्हीटोन, गोमाँ, पॅरामाउंट, युनिव्हर्सल. त्या घाईत काय निवडलं आणि काय कापलं हे कळल्याशिवाय त्या रिळावर इतिहास म्हणून विश्वास कसा ठेवायचा? म्हणून माहिती आधी.

सुरुवात बहुतेक जण करतात ती ब्रिटिश पाथेपासून, आणि करावीच. पाथे मूळची फ्रेंच, लंडनमधलं त्यांचं रीळ १९१० ला सुरू झालं आणि १९७० पर्यंत चाललं. एप्रिल २०१४ मध्ये त्यांनी सुमारे ८५ हजार फिल्म्स एका फटक्यात यूट्यूबवर टाकल्या, साधारण साडेतीन हजार तासांचा माल. एवढं मोठं भांडार कोणी असं उघडून ठेवलं याबद्दल मला मनापासून आदर आहे. टायटलला पाथेची खूण असलेला तो आरवणारा कोंबडा आला की मी अजूनही खूश होतो. आणि खरी गंमत सांगू का, थिएटरात गेलेल्या बातम्यांपेक्षा न वापरलेलं फुटेज जास्त बघण्यासारखं आहे. कॉमेंट्री नाही, म्युझिक नाही, नुसती माणसं कॅमेऱ्याकडे बघत चाललीयत, कोणी टोपी काढतोय, एखादं पोरगं फ्रेममध्ये परत परत येतंय, पोलीस त्याला बाजूला करतोय. बातमीत हे सगळं कापलं जायचं.

पाथेच्या वेबसाइटवरची वर्णनं जरूर वाचा, यूट्यूबवर ती धड दिसत नाहीत. कॅटलॉगच्या जुन्या कार्डांवरून उतरवून घेतलेली आहेत ती, त्यामुळे भाषा एकदम कामकाजाची, लाँग शॉट अमुकचा, क्लोज अप तमुकचा, व्हेरियस शॉट्स गर्दीचे, मधली पाटी (पडद्यावर येणारा मजकूर) अशी वाचते. मला ही भाषा आवडते, त्यातून कोणीतरी एडिटिंग टेबलवर बसून एकेक शॉट मोजलाय हे दिसतं. पण मर्यादाही तिथेच आहे. कार्ड लिहिणाऱ्याला जो माणूस ओळखू आला त्याचं नाव पडलं, बाकीचे सगळे "क्राउड". तारीखही कित्येकदा अंदाजाने. त्यामुळे पाथेला भांडार म्हणून पाचपैकी पाच आणि माहितीसाठी तीन. फुकट बघायला काही अडचण नाही, पण स्वतःच्या डॉक्युमेंटरीत वापरायचं असेल तर लायसन्स घ्यावं लागतं हे लक्षात ठेवा, यूट्यूबवर आहे म्हणजे उचला असं नाही. मूव्हीटोनचं आर्काइव्हसुद्धा २०१५ ला एपी न्यूज एजन्सीच्या मालासोबत यूट्यूबवर आलं. मूव्हीटोन म्हणजे ब्रिटनमधलं पहिलं बोलतं न्यूजरील, १९२९ चं, त्यामुळे तीसच्या दशकातली माणसं प्रत्यक्ष बोलताना ऐकायची असतील तर तिकडे जा.

माहितीच्या बाबतीत माझा नंबर एक आहे इम्पीरियल वॉर म्युझियम, लंडन. इथे ऑनलाइन बघता येणारा माल पाथेपेक्षा खूप कमी, सर्च थोडा रुक्ष, पण एकेका फिल्मची नोंद बघा म्हणजे कळेल. उदाहरण देतो. पहिल्या महायुद्धातली फ्रान्समधल्या सोम नदीकाठची लढाई, तिच्यावरची फिल्म ऑगस्ट १९१६ ला ब्रिटनमध्ये लागली, लढाई अजून चालू होती आणि लोक थिएटरात ती बघत होते, पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटं गेली असं म्हणतात. कॅमेऱ्यामागे दोघं, जेफ्री मालिन्स आणि जॉन मॅकडॉवेल. त्यातला सगळ्यात गाजलेला शॉट म्हणजे सैनिक खंदकातून वर चढतात, त्यातला एक तिथेच मागे घसरून पडतो. शाळेच्या पुस्तकांपासून टीव्हीपर्यंत हा शॉट शंभर वर्षं "खरं युद्ध" म्हणून फिरतोय. आणि ज्यांच्या ताब्यात ती फिल्म आहे तेच म्युझियम सांगतं की हा शॉट मागे ट्रेनिंगच्या जागी बनवून घेतलेला आहे. एकदा वाचून परत बघा, खंदक उथळ आहे, सैनिकांच्या पाठीवर लढाईला जाताना असतं तसलं ओझं नाही, आणि कॅमेरा अशा जागी उभा आहे की खऱ्या गोळीबारात तिथे माणूस टिकलाच नसता. बाकीची फिल्म मात्र बरीचशी खरी आहे, तो प्रचंड सुरुंगाचा स्फोट खरा, जखमींना पाठीवर घेऊन येणारा सैनिक खरा. २००५ मध्ये युनेस्कोने या फिल्मला 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' या दस्तऐवजांच्या जागतिक नोंदवहीत घेतलं. आपल्याच खजिन्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध शॉटबद्दल "हा बनवलेला आहे" असं स्वतः सांगायला धाडस लागतं, त्यामुळे माझ्याकडून पाचपैकी पाच.

दुसऱ्या महायुद्धाचा तिथला माल आणखी वेगळा. लष्कराच्या कॅमेरामननी शूट केलेली कच्ची रिळं आहेत आणि प्रत्येक रिळासोबत कॅमेरामन एक डोप शीट भरून पाठवायचा, कुठल्या गावात, कुठली पलटण, कोणाचं नाव काय. मराठी माणसाने इथे वेळ घालवावा असं मला फार वाटतं. इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी लढल्या, रायगडच्या माणगाव भागातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, नामदेव जाधवांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी मिळाला. त्या इटलीतल्या चढ्या रस्त्यांवर, चिखलात, खेचरांसोबत चाललेले हिंदुस्थानी सैनिक या रिळांत दिसतात. शोधताना एक काळजी घ्या, मराठाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग टाका, मध्ये एच असलेलं. आजच्या स्पेलिंगने बरंच काही सापडतच नाही. तसंच पुण्याचं आणि मुंबईचंही, ब्रिटिश काळातली स्पेलिंगं टाकलीत तरच हाती लागेल. गांधींच्या नावातला एच तर जुन्या कार्डांवर कित्येकदा भलत्या जागी असतो, म्हणून चुकीच्या स्पेलिंगनेही एकदा शोधाच.

बीएफआय म्हणजे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट. यांचं नॅशनल आर्काइव्ह १९३५ पासूनचं. मूळ फिल्म्स ठेवायला वॉरविकशरमध्ये गेडन इथे एक गोदाम आहे, उणे ५ डिग्री तापमान आणि हवेत ओलावा फक्त ३५ टक्के, कारण १९५० च्या आसपासपर्यंत वापरात असलेली नायट्रेट फिल्म फार ज्वालाग्राही असते आणि एकदा पेटली की पाण्यानेसुद्धा विझत नाही. ऑनलाइन बघायला त्यांचा बीएफआय प्लेअर आहे, त्याचं पैसे भरून घ्यायचं सबस्क्रिप्शन फक्त ब्रिटनमध्ये चालतं, तिकडे राहणाऱ्यांनी जरूर घ्यावं. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे २०१७ ला त्यांनी काढलेलं १८९९ ते १९४७ च्या हिंदुस्थानचं फुकट कलेक्शन, त्यातल्या काही फिल्म्स त्यांच्या यूट्यूब चॅनेलवरही आहेत. साहेब लोकांच्या घरगुती फिल्म्स, मिशनऱ्यांच्या, प्रवाशांच्या, रेल्वेच्या. त्यातलीच १८९९ ची एक फिल्म, मिनिटभराची, हिंदुस्थानात शूट झालेल्या आणि आज शिल्लक असलेल्या अगदी जुन्यांपैकी. विकणाऱ्या कंपनीने तिच्या नावात गंगेवरून दिसणारं कलकत्ता असं लिहून टाकलं. बोट पुढे सरकते आणि घाट दिसायला लागतात, पायऱ्या, छत्र्या, धुणं, आंघोळी, आणि ज्याने एकदा काशी बघितलीय तो दहा सेकंदांत सांगेल की हे कलकत्ता नाहीच, हा वाराणसीचा घाट आहे. लंडनच्या गिऱ्हाइकाला कलकत्ता माहीत होतं म्हणून ते नाव चिकटलं असावं असा माझा अंदाज. बीएफआयने मूळ नाव जसंच्या तसं ठेवलंय आणि खाली खरी जागा कुठली ते स्पष्ट दिलंय. असंच करायला हवं. नाव बदलून टाकलं असतं तर त्या काळच्या विक्रेत्याने काय केलं हेही पुसलं गेलं असतं. साडेचार स्टार.

आता इटली, इस्तितुतो लुचे. हे प्रकरण जरा नीट समजून घेऊन बघावं लागतं. १९२४ ची संस्था, मुसोलिनीच्या सरकारची, आणि १९२६ पासून इटलीतल्या प्रत्येक थिएटरला त्यांच्या फिल्म्स दाखवणं कायद्याने सक्तीचं होतं. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं एका देशाने जग बघितलं ते सरकारने दाखवलं तसं. २०१३ मध्ये त्यांची न्यूजरील्स आणि फोटो युनेस्कोच्या नोंदवहीत गेले. वेबसाइट सुरेख आहे, तारखेप्रमाणे, रीळ नंबरप्रमाणे, माणसाच्या नावाप्रमाणे शोधता येतं, यूट्यूबवरही चॅनेल आहे. सगळं इटालियनमध्ये, पण ब्राउझरचं भाषांतर ऑन केलं की काम भागतं. फोटोग्राफी इतकी देखणी आहे की तिथेच माणूस फसतो. १९३५-३६ ची इथिओपियावरची रिळं बघा, रस्ते बांधतायत, पूल बांधतायत, डॉक्टर तपासतायत, ढग काय, डोंगर काय. त्याच मोहिमेत इटलीच्या विमानांनी माणसांवर विषारी वायू टाकला. तो त्या रिळांत कुठेच नाही. म्हणून माझा सल्ला असा की लुचे एकटं कधीही बघू नका, शेजारच्या टॅबमध्ये दुसऱ्या देशाचं त्याच आठवड्याचं रीळ किंवा निदान एखादा धड लेख उघडा ठेवा. साइटसाठी साडेचार स्टार, बघणाऱ्याने सावध राहावं एवढंच.

हॉलंडच्या पोलीखून (Polygoon) कंपनीची न्यूजरील्स मला फार आवडतात. हिल्व्हरसमच्या साउंड अँड व्हिजन संस्थेने यातली बरीच क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली खुली केलीयत, म्हणजे नाव देऊन वापरा, एडिट करा, शिकवताना दाखवा, विकिमीडिया कॉमन्सवरही सापडतात. शिक्षकांसाठी यापेक्षा सोयीचं काही नाही. फेब्रुवारी १९५३ च्या समुद्राच्या पुरात हॉलंडमध्ये १८३६ माणसं गेली, त्याची रिळं बघवत नाहीत पण बघावीत, छपरावर बसलेली कुटुंबं, पाण्यात उभी मेलेली जनावरं. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्ययुद्धाची याच कंपनीची रिळं मात्र डच सरकारच्या चष्म्यातूनच आहेत, तिथे लुचेसारखीच काळजी घ्या.

स्पेनचं सरकारी न्यूजरील नो-डो, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत सुरू झालेलं, १९४३ ते १९८१, स्पॅनिश सरकारी टीव्हीच्या साइटवर फुकट आहे, प्रचंड आहे आणि खरं सांगायचं तर सलग बघितलं तर कंटाळवाणं आहे, धरणांची उद्घाटनं एकामागून एक. जर्मनीचं बुंडेसआर्काइव्ह शिस्तशीर, पण भाषेची अडचण जास्त. तिथे युद्धानंतर ब्रिटिश आणि अमेरिकनांनी मिळून जर्मन लोकांसाठी काढलेलं रीळ शोधा, १९४५ ते १९५२, बेचिराख शहरात ढिगारे उपसणाऱ्या बायका त्यात दिसतात. स्वीडनचं फिल्मआर्किव्हेट आणि डेन्मार्कचं मूकपटांचं पोर्टल, दोन्ही छोटी, नेटकी, लॉगिनचा त्रास नाही. डॅनिश मूकपटांना इंग्लिश सबटायटल्स आहेत.

आणि हे सगळं एका ठिकाणी शोधायचं असेल तर युरोपियन फिल्म गेटवे, २०११ पासून चालू आहे. हे स्वतः फिल्म्स ठेवत नाही, वेगवेगळ्या देशांच्या आर्काइव्हच्या नोंदी एका सर्चमध्ये आणतं आणि तुम्हाला मूळ साइटवर पाठवतं. पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीसाठी त्यांनी एक मोठा प्रोजेक्ट केला होता, त्यातल्या फिल्म्स हा याचा सगळ्यात दमदार भाग, एकच युद्ध सात-आठ देशांच्या कॅमेऱ्यांतून बघता येतं. इतकी वेगवेगळी आर्काइव्ह जोडलेली असली की कधीतरी लिंक पुढे जात नाही, तेव्हा फिल्मचं मूळ नाव कॉपी करून थेट त्या देशाच्या साइटवर टाका. कल्पनेसाठी पाच, वापरायला साडेतीन.

बघताना दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे स्पीड. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा-अठरा फ्रेम, आणि तीच फिल्म पुढे चोवीसच्या स्पीडने चालवली की माणसं धावत सुटल्यासारखी दिसतात. यूट्यूबवर प्लेबॅक स्पीड पाऊण पट करा, फरक लगेच कळेल, चालणं माणसांचं वाटायला लागतं. आणि दुसरं ते रंग भरणं. कोटाचा रंग काय होता हे कॉम्प्युटरला माहीत नाही, तो ठोकून देतो, आणि फ्रेम वाढवताना चेहरे पुसून स्वतःचे चेहरे काढतो. तुमच्या पणजोबांचा फोटो कोणी असा बदललेला चालेल का? नाही ना. मग अनोळखी माणसाचाही चालू नये.

हे सगळं बघताना आपल्याकडचं आठवून जीव तुटतो. सावे दादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, मुंबईचे, त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ ला हँगिंग गार्डनमधली कुस्ती शूट केली, रँग्लर परांजपे केंब्रिजहून १९०१ ला परत आले त्यांचं स्वागत शूट केलं. आपलं पहिलं न्यूजरील म्हणतात ते हे. आज त्यातलं काहीही बघता येत नाही. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्म्सच्या गोदामाला आग लागून मूकपटांच्या काळातलं आणखी किती काय गेलं. म्हणून उणे ५ डिग्रीचं गोदाम बांधणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं ते नुसतं कौतुक नाही.

सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं तर मी १९३१ सांगतो. गांधीजी सप्टेंबरमध्ये मार्सेयला उतरले, तिथून लंडन, लँकेशायरच्या गिरणी कामगारांत जाऊन आले, मग डिसेंबरमध्ये स्वित्झर्लंड आणि रोम करून ब्रिंडिसीहून बोटीने परत. एकाच प्रवासाचं फुटेज पाथेकडे, मूव्हीटोनकडे आणि लुचेकडे आहे. तिन्ही लागोपाठ बघा. ब्रिटिश कॅमेरा पंचा आणि चप्पल सोडायला तयार नाही, लँकेशायरमध्ये ज्यांचं काम आपल्या बहिष्काराने गेलं त्याच कामगार बायका त्यांच्याभोवती हसत ओरडतायत, आणि रोममध्ये तोच माणूस फॅसिस्ट पोरांच्या कवायतीशेजारी उभा केलेला.

आणि मग त्याच वर्षांतली गोलमेज परिषदेची रिळं काढा. पहिली परिषद नोव्हेंबर १९३० ची, दुसरी १९३१ ची सेंट जेम्स पॅलेसमधली. कॅमेरा पंतप्रधान मॅकडोनल्डवर, गांधींवर, फेट्यांतल्या संस्थानिकांवर थांबतो. वर्णनातही बहुतेक तेवढीच नावं, बाकी सगळे "डेलिगेट्स". पण त्या डेलिगेट्समध्ये डॉ. आंबेडकर होते, बॅरिस्टर जयकर होते, डॉ. मुंजे होते. टेबलाभोवती बसलेले, जिना उतरणारे, मोटारीत शिरणारे हे चेहरे लंडनच्या क्लार्कला ओळखू येण्यासारखे नव्हते, आपल्याला येतात. तेव्हा रीळ थांबवत थांबवत बघा, कोणी ओळखीचं दिसलं तर फोटोशी ताडून घ्या, आणि खात्री पटली की मिनिट-सेकंद टाकून त्या आर्काइव्हला मेल करा.